यंत्राची साक्ष

दिल्लीस उपग्रहाच्या आधारे उतरणाऱ्या काही विमानांना खोटे स्थानसंकेत मिळाले, हे सरकारने डिसेंबर २०२५ मध्ये संसदेत मान्य केले. ज्या धावपट्ट्यांना जमिनीवरील रेडिओयंत्रणेचा आधार होता, तेथे बाधा पोहोचली नाही. बंद पडलेले यंत्र वैमानिकास सावध करते. खोटी साक्ष देणारे घात करते. १ जानेवारी १९७८ रोजी वांद्र्यानजीकच्या समुद्रात एअर इंडियाचे विमान कोसळून २१३ जीव गेले, ते कल चुकीचा दाखविणाऱ्या यंत्रापायी. तेथे ताडून पाहावयास निदान दुसरे यंत्र होते. जऊळक्यावरून अकोल्याकडे ढगांत उतरू पाहणाऱ्या लहान विमानास ते असेलच असे नाही. म्हणून वऱ्हाडातील धावपट्ट्या वाढविताना जमिनीवरील यंत्रणेत काटकसर नको; आणि शंका येताच उतरणे सोडून वर जाणाऱ्या वैमानिकास उशिराचा जाब कोणी विचारू नये, असे आम्हांस वाटते.