दादाला किडनी द्यायचीय? आधी चक्कर आल्याचं सांगा!

समजा, तुमच्या दादाच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्यात. आठवड्यातून दोन-तीनदा डायलिसिस सुरू आहे. घरात रक्तगट जुळतो तो तुमचाच. तुम्ही क्षणात म्हणता, ‘माझी घ्या.’ यवतमाळहून नागपूर गाठता, तपासण्या सुरू होतात आणि तुमचा ईसीजी बघून डॉक्टर थांबतात. ‘घरात कुणी तरुणपणी अचानक गेलंय का?’ तुम्हाला आठवतं, काका वावरात काम करता करता पडले, ते उठलेच नाहीत. शाळेत असताना तुम्हीही दोनदा बेशुद्ध पडला होता. आता हे सांगायचं, की दादासाठी गप्प बसायचं?

सांगायचंच. का ते बघा.

हृदय विजेच्या लयीवर चालतं. काही कुटुंबांत जनुकातल्या दोषामुळे ही लय बिघडते. लाँग क्यूटी, ब्रुगाडा ही त्यातली नावं. लाँग क्यूटी साधारण दोन हजारांत एकाला असतो. आई किंवा वडिलांना तो असेल, तर प्रत्येक मुलामागे तो येण्याची शक्यता बहुधा ५० टक्के. सोनोग्राफीत हृदय ठणठणीत दिसतं. म्हणून बेशुद्ध पडण्याला घरचे ‘फिट’ म्हणतात आणि मृत्यूला ‘अटॅक’.

किडनीसोबत हा आजार दादाकडे जात नाही. धोका तुम्हाला असतो. भूल देताना वापरली जाणारी काही औषधं, उलटी थांबवणारं ऑनडॅन्सेट्रॉन, रक्तातलं कमी झालेलं पोटॅशियम, या सगळ्यांनी लय आणखी बिघडू शकते. पुढचा प्रश्न आयुष्यभराचा. लाँग क्यूटीवर दिलं जाणारं नॅडोलॉल शरीराबाहेर पडतं ते मुख्यतः किडनीतूनच. एकच किडनी उरली, तर डोसचा हिशेब बदलू शकतो.

मग अशा माणसाने किडनी द्यायचीच नाही का? सरसकट ‘नाही’ असं उत्तर नाही. आजार कोणता, कधी बेशुद्ध पडलात का, औषधाने लय ताब्यात आहे का, हे हृदयरोगतज्ज्ञ आणि भूलतज्ज्ञ मिळून बघतात. पण हे बघण्यासाठी त्यांना खरी माहिती तर हवी!

आणि लपवलंत तर दादाचंही नुकसान आहे. तुमचे आई-वडील एकच, म्हणजे तोच दोष त्याच्यातही असू शकतो. डायलिसिसमध्ये पोटॅशियम वर-खाली होतं. प्रत्यारोपणानंतरच्या टॅक्रोलिमससारख्या औषधानेही क्यूटी लांबू शकतो. तुमच्या ईसीजीने कदाचित त्याचाही जीव वाचेल.

खरी अडचण घरातली असते. ‘सख्खा असून मागे हटला’ हे ऐकायची भीती. सून, आई, बहीण यांच्यावर तर हा दबाव जास्तच. आपल्या देशात जिवंतपणी अवयव देणाऱ्यांत बायका जास्त आणि घेणाऱ्यांत पुरुष जास्त, हे उगाच नाही. लक्षात ठेवा, डॉक्टरांशी एकट्याने बोलायची मागणी तुम्ही करू शकता आणि ऑपरेशनच्या आधी कधीही मागे फिरू शकता.

तुमची किडनी चालली नाही, म्हणजे सगळे दरवाजे बंद होत नाहीत. अवयव प्रत्यारोपणाचा कायदा १९९४ चा. त्यात २०११ मध्ये दुरुस्ती झाली आणि ‘स्वॅप’ला वाट मिळाली. म्हणजे रक्तगट न जुळणारी दोन कुटुंबं आपापसात दाते बदलू शकतात. तुमच्याऐवजी आई तयार असेल पण गट जुळत नसेल, तर हा मार्ग आहे. शिवाय मेंदूमृत दात्याच्या किडनीसाठी प्रत्यारोपण केंद्रामार्फत नागपूरच्या झेडटीसीसीच्या प्रतीक्षायादीत नाव लावता येतं. थांबावं लागतं, पण यादीत नाव तर हवं.

तेव्हा नागपूरची गाडी पकडण्याआधी एक काम करा. आजीजवळ बसा. घरात कोण, कितव्या वर्षी, काय करताना गेलं, ते विचारा आणि वहीत लिहून घ्या. तपासणीला जाताना ती वही सोबत न्या.