जागरणाची गोळी आणि हृद्रोगी

चरकाचार्यांनी निद्रेस त्रयोपस्तंभांत स्थान दिले. तो स्तंभ गोळीने उभा राहत नाही. तरीही रात्रपाळीचे कामगार व स्लीप ॲप्नियामुळे दिवसा पेंगणारे रुग्ण मोडाफिनिल घेतात. त्यांत हृद्रोगी असल्यास प्रश्न गंभीर होतो. या औषधाने रक्तदाब व नाडीची गती वाढू शकते. हृदयाच्या डाव्या कप्प्याची भित्ती जाड झालेल्यांना ते देऊ नये, अशी सूचना औषधपत्रकातच आहे. सोबत वॉरफेरिन चालू असल्यास प्रोथ्रॉम्बिन टाइम अधिक वेळा तपासावा लागतो.

ही गोळी सुरू करण्याचा निर्णय हृद्रोगतज्ज्ञांच्या संमतीनेच व्हावा. परंतु आपणही अलिप्त नाही. अशाच रुग्णास आपण श्वासासाठी सोमलता, कासासाठी यष्टिमधु देतो. सोमलतेत एफेड्रिन असते. यष्टिमधु दीर्घकाळ दिल्यास रक्तदाब वाढतो, पोटॅशियम घटते. म्हणून ‘अन्य कोणती औषधे चालू आहेत?’ हा प्रश्न प्रश्नपरीक्षेत अनिवार्य मानावा आणि नाडीपरीक्षेसोबत रक्तदाबही नोंदवावा. औषधविक्रेत्या बंधूंनी चिठ्ठीवाचून मोडाफिनिल देऊ नये. तसेच ‘आयुर्वेदीय, म्हणून निरुपद्रवी’ असे सांगून आपली औषधेही विकू नयेत. अशा समजुतीने शास्त्राचा गौरव होत नाही. रुग्ण मात्र संकटात पडतो.