सूत्रधाराचे ओझे हलके करा

सगळ्यांनी मिळून गोष्ट रचण्याचा खेळ मोठा रंगतदार असतो. पण तयारीच्या ओझ्याने तो बंद पडतो. हे ओझे कमी करण्याची युक्ती आपल्या कीर्तन-परंपरेला जुनीच माहीत आहे.

सुट्टीत चार मुले जमली की पत्ते, कॅरम, सापशिडी बाहेर निघते. दोन दिवसांत त्याचाही कंटाळा येतो. मग कुणीतरी हट्ट धरते, ''गोष्ट सांगा ना!'' घरात गोष्ट सांगणारे माणूस बहुधा एकच असते. कधी आजी, कधी आई, कधी सुट्टीला आलेली मावशी. तिने रोज नवी गोष्ट आणायची कुठून? चार दिवसांत ती थकते आणि गोष्ट थांबते.

हीच अडचण एका परदेशी खेळातही आली आणि त्यावर निघालेले उपाय आपल्या घरातही उपयोगी पडण्यासारखे आहेत.

खेळ काय आहे?

अमेरिकेत १९७४ मध्ये गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांचा 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ प्रसिद्ध झाला. टेबलाभोवती बसून खेळायच्या अशा खेळांना 'रोल प्लेइंग गेम' म्हणतात. प्रत्येक खेळाडू गोष्टीतले एक पात्र होतो. कुणी योद्धा, कुणी चोर, कुणी वैदू. एकजण मात्र पात्र घेत नाही. तो गोष्टीतले जग सांभाळतो. त्याला 'गेम मास्टर' म्हणतात. आपल्या नाटकातला 'सूत्रधार' हा शब्द त्याला चपखल बसतो.

सूत्रधार म्हणतो, ''समोर बंद दार आहे. आतून कण्हण्याचा आवाज येतोय. काय करता?'' एकजण म्हणतो, ''दार फोडतो.'' दुसरी म्हणते, ''थांब, आधी कान लावून ऐकू या.'' यश येईल की नाही याची खात्री नसेल तेथे फासा टाकायचा आणि पडेल त्या दानाप्रमाणे गोष्ट पुढे न्यायची. यात कुणी जिंकत नाही, कुणी हरत नाही. सगळ्यांनी मिळून एक गोष्ट तयार होते, इतकेच.

खेळ लोकप्रिय झाला, तसे नियमही वाढत गेले. २०१४ च्या आवृत्तीत या खेळाची मुख्य पुस्तकेच तीन होती आणि प्रत्येकाची पाने तीनशेच्या वर! सूत्रधाराने नियम वाचायचे, नकाशे काढायचे, राक्षसांची ताकद मांडायची आणि प्रसंग लिहून ठेवायचे. एवढे करून खेळाडूंनी डावीकडे जाण्याऐवजी उजवीकडची वाट धरली, की सारी मेहनत वाया. साहजिकच दोन-तीन बैठकांनंतर सूत्रधार म्हणतो, ''या आठवड्यात जमणार नाही.'' खेळ तेथेच संपतो.

कावेरीकाठची युक्ती

प्रेक्षकांसमोर गोष्ट चालवणाऱ्याची तयारी सोपी कशी करायची, हा प्रश्न आपल्याकडच्या कीर्तनकारांनाही पडला असणारच. त्यांनी काढलेले उत्तर पाहायला तमिळनाडूतील कुंभकोणमच्या परिसरात जावे लागते. कावेरीकाठचे हे मंदिरांचे गाव तंजावरपासून सुमारे चाळीस किलोमीटरवर आहे. १६७६ ते १८५५ या काळात तंजावरला भोसल्यांचे राज्य होते आणि मराठी माणसे या साऱ्या मुलखात पसरली होती. बडोद्याचे दिवाण म्हणून आपल्याला माहीत असलेले सर टी. माधवराव यांचा जन्म १८२८ मध्ये कुंभकोणमचाच.

मराठी मंडळींबरोबर मराठी कीर्तनही तेथे गेले. कीर्तनाचा साचा ठरलेला असतो. आधी नमन, मग पूर्वरंगात एखाद्या अभंगावर विवेचन आणि उत्तररंगात आख्यान. तंजावरकडे एकेका आख्यानाची 'निरूपणे' तयार झाली. कथेच्या कोणत्या टप्प्यावर साकी म्हणायची, कुठे दिंडी, कुठे ओवी आणि कुठे पद, हे त्यात ओळीने मांडलेले असे. तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात अशा मराठी निरूपणांची हस्तलिखिते आहेत. निरूपण हाती असले की कीर्तनकाराला सगळे नव्याने जुळवावे लागत नसे. समोरचे श्रोते पाहून कुठे विनोद करायचा, कुठे कथा लांबवायची, एवढेच त्याच्याकडे उरे.

साचा सोपा असल्यामुळे तो दुसऱ्यांनाही उचलता आला. मेरुस्वामी हे कीर्तनकार तंजावरहून त्रावणकोरला गेले, तेव्हा तेथील महाराज स्वाती तिरुनाळ यांनी या पद्धतीवर कुचेलोपाख्यान आणि अजामिलोपाख्यान संस्कृतात रचले. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मोरगावकर बुवा तंजावरला आले. त्यांची कीर्तने ऐकून तंजावर कृष्ण भागवतर यांनी त्याला कर्नाटक संगीताची जोड दिली आणि तमिळ हरिकथेला नवे रूप आले. साकी आणि दिंडी ही नावे तेथील हरिकथेत तशीच राहिली.

भजनाचीही हीच तऱ्हा. कुंभकोणमजवळच्या मरुदानल्लूर गावच्या सद्गुरू स्वामींनी सुमारे दोनशे वर्षांपूर्वी भजनाचा क्रम बांधून दिला. आधी तोडय मंगलम्, मग गुरुवंदना आणि गुरूचे अभंग, त्यानंतर जयदेवाच्या अष्टपदी, नारायणतीर्थांचे तरंग आणि शेवटी मंगल. मराठी, संस्कृत, तेलुगू, तमिळ, सगळ्या भाषांना त्यात जागा मिळाली. क्रम सर्वांना पाठ, त्यामुळे 'आता पुढे काय?' हा प्रश्नच नाही. आज एकाने भजन चालवले, तर उद्या दुसराही चालवू शकतो.

खेळात आणि कीर्तनात एक फरक मात्र मोठा आहे. कीर्तनात सुदामा द्वारकेला जाणार हे ठरलेले असते. खेळात सुदामा अर्ध्या वाटेवरून परतूही शकतो! म्हणून खेळाच्या सूत्रधाराला आख्यान लिहून ठेवता येत नाही. त्याचा साचा निरूपणापेक्षाही हलका हवा.

एका पानाचे नियम

असे हलके साचे गेल्या काही वर्षांत बरेच निघाले. 'अपॉकॅलिप्स वर्ल्ड' (२०१०) या खेळात दोन फासे टाकून बेरीज करतात आणि पात्राच्या गुणाप्रमाणे त्यात थोडी भर किंवा घट होते. दहा किंवा जास्त आले तर काम फत्ते. सात ते नऊ आले तर काम होते, पण त्याची काही किंमत मोजावी लागते. सहा किंवा कमी आले तर सूत्रधार अडचण उभी करतो. यात सूत्रधार स्वतः फासे टाकतच नाही. त्याचे निम्मे गणित तेथेच वाचते.

जॉन हार्पर यांचा 'लेझर्स अँड फीलिंग्ज' (२०१३) तर एका पानात मावतो. खेळाडूने दोन ते पाच यांमधला एक आकडा निवडायचा. काम डोक्याचे असेल तर त्या आकड्याच्या खाली दान पडायला हवे, काम मनाचे असेल तर वर. समजा, सुमनने चार निवडला. कुलूप उघडण्यासाठी तिला एक, दोन किंवा तीन हवेत. रागावलेल्या पहारेकऱ्याची समजूत घालायला पाच किंवा सहा. पात्राची आधी तयारी असेल तर एक फासा जास्त, त्या कामात ते तरबेज असेल तर आणखी एक. एकही दान मनासारखे पडले नाही तर काम बिघडते, एक पडले तर कसेबसे निभावते, दोन पडली तर चांगले साधते. नेमका आपलाच आकडा पडला, तर यशाबरोबर सूत्रधाराला एक प्रश्न विचारायची मुभा. त्याने खरे उत्तर द्यायचे!

गोष्टही फाशानेच ठरवता येते. संकट कोणाचे, त्याला काय करायचे आहे, कशाचे करायचे आहे आणि ते साधले तर काय होईल, अशी चार कोष्टके त्या पानावर दिली आहेत. चार वेळा फासा टाकला की गोष्टीचे बीज तयार.

पाव तासाची तयारी

ही कोष्टके घरीही करता येतात. गोष्टीचे गाव म्हणून कुंभकोणमच घेऊ या. तेथे बारा वर्षांनी महामहम हा मोठा स्नानोत्सव भरतो. याआधीचा २०१६ मध्ये झाला, पुढचा २०२८ मध्ये आहे. समजा, उत्सवाची आदली रात्र आहे. कोष्टकांतून निघाले ते असे : लोभी सावकार, पळवणे, पितळी समई, गावात तंटा. मुलांपैकी एक पितळकाम करणारा कारागीर होईल, एक विड्याच्या पानांची बागवाली, एक नादस्वरम वाजवणारा आणि एक तंजावरी मराठी बोलणारे मास्तर. झाली गोष्ट सुरू!

सूत्रधाराने कागदावर एवढेच लिहावे :

* सुरुवातीचा एक ठसठशीत प्रसंग. उदाहरणार्थ, दिवे गेले आणि परत आले, तेव्हा समई जागेवर नव्हती.
* गोष्टीत भेटतील अशा तीन माणसांची नावे आणि प्रत्येकाला काय हवे आहे ते.
* दोन-तीन जागा. तलावाचा काठ, भांड्यांचे दुकान, देवळामागचा बोळ.
* दहा छोटी गुपिते. ''सावकाराच्या चपलेला ओला चिखल आहे'' अशी.

गुपितांची युक्ती मायकेल शिया यांच्या 'रिटर्न ऑफ द लेझी डंजन मास्टर' (२०१८) या पुस्तकातली आहे. गुपित कोणत्याही जागेला बांधून ठेवायचे नाही. मुले बोळात जावोत की दुकानात, जेथे शोध घेतील तेथे ते सापडेल. मग त्यांनी कोणतीही वाट धरली, तरी तयारी वाया जात नाही.

अडलात तर?

नियम कमी झाले की एक नवी अडचण येते. पुस्तकात उत्तर नसते, ते जागच्या जागी सुचावे लागते. संकोची माणसाला हे जड जाते. अशा वेळी प्रश्न मुलांकडेच टाकावा. ''मास्तर, तुम्ही या दुकानदाराला ओळखता. त्याची खोड काय?'' उत्तर मिळते आणि मुलालाही गोष्ट आपली वाटू लागते. कुणी भलतेच सुचवले तर एकदम 'नाही' म्हणू नये. ''हो, पण...'' म्हणून एखादी अडचण जोडावी.

जाड पुस्तकांचे खेळ टाकाऊ आहेत असे मुळीच नाही. लढाईचे डावपेच आवडणाऱ्या मोठ्या मुलांना बारीक नियमांतच गोडी वाटते. पण आठवी-नववीतला दादा, चौथीतली ताई आणि कामावरून दमून आलेले आईबाबा एकत्र बसणार असतील, तर एक पान पुरे. वेळ मात्र आधी ठरवावी. दीड तास झाला की रंगात आलेली गोष्टही 'पुढे उद्या' म्हणून थांबवावी. एकच मूल सारखे बोलत असेल तर पाळी लावावी.

सर्वांत मोठा लाभ यापुढचा आहे. तयारी दोन दिवसांची असते, तेव्हा सूत्रधार एकच राहतो आणि घरात तो मान, म्हणजे खरे तर ते काम, बहुधा आईकडे जाते. तयारी पाव तासाची झाली की कागद कुणाच्याही हाती देता येतो. आज आई, उद्या बाबा, परवा चौथीतली ताई. ताईची गोष्ट अडखळेल, समई मध्येच विसरली जाईल, सावकाराचे नाव तीनदा बदलेल. बदलू द्या. त्या संध्याकाळी आईला पहिल्यांदा गोष्टीतले एक पात्र होऊन खेळायला मिळेल.