अंगणातले अनोळखी झाड



गेल्या महिन्यात सालवडहून एका वाचक भगिनींचे पत्र आले. बोईसर-तारापूर औद्योगिक वसाहतीलगतच्या या गावात त्यांनी दोन वर्षांपूर्वी एक जुने घर विकत घेतले. परसात एक मध्यम उंचीचे झाड आहे. त्याच्या खोडालाच चिकटून कोवळ्या काकडीसारखी हिरवी फळे झुबक्यांनी लागतात. चव कमालीची आंबट. आळीत कुणालाच त्याचे नाव सांगता येईना. पुढे त्या लिहितात, ‘सासूबाई ७६ वर्षांच्या आहेत. मधुमेह जुना आहे आणि मूत्रपिंडांचे काम मंदावले असल्याचे डॉक्टरांनी सांगितले आहे. ओळखीच्या एका गृहस्थांनी सांगितले की, या फळांचा रस रोज अनशापोटी घेतल्यास कोलेस्टेरॉल उतरते. सासूबाईंची घेण्याची इच्छा आहे. देऊ का?’

पत्र वाचताच त्यांना दूरध्वनीवरून कळवले, की रस देऊ नका, आधी झाड ओळखू या. सुदैवाने तोवर रस दिलेला नव्हता. प्रश्न एका घरचा असला, तरी तो पुष्कळ घरांत उद्भवतो. जुने घर घेतले, गावी परतलो, पक्ष्यांनी टाकलेले बी रुजले, आणि अंगणात एक पाहुणा उभा राहिला. त्याची ओळख कशी पटवावी, हे आज पाहू.

ओळखीची रीत

पहिला नियम असा की, चव ही ओळखीची कसोटी नव्हे. पक्षी, माकडे किंवा वटवाघळे फळ खातात म्हणून ते माणसाला चालेल, असेही नाही.

आरंभ पानापासून करावा. एका देठावर एकच पान आहे, की मधल्या शिरेच्या दोन्ही बाजूंना अनेक लहान पाने आहेत? दुसऱ्या प्रकारात त्या लहान पानांना पर्णिका म्हणतात. ओळखण्याची खूण सोपी आहे. खऱ्या पानाच्या देठाशी, फांदीच्या बेचक्यात, कोंबाचा बारीक डोळा असतो. पर्णिकेच्या बुडाशी तो नसतो. मग पाने समोरासमोर आहेत की एकाआड एक, हे पाहावे. पान चुरगळून वास घ्यावा. लिंबू, बेल, कढीलिंब यांच्या कुळाची ओळख अनेकदा वासानेच पटते.

त्यानंतर चीक. पान तोडल्यावर पांढरा चीक येतो का, हे हातमोजे घालून पाहावे आणि तो हात डोळ्यांना लावू नये. चीक आला म्हणजे झाड विषारीच, असे मात्र नाही. २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालेला आपल्या जिल्ह्यातील डहाणू-घोलवडचा चिकूही चिकाचाच. चीक हा कुळाचा पुरावा आहे, निवाडा नव्हे.

मग फुलाचा रंग आणि पाकळ्यांची संख्या पाहावी. फळ फांदीच्या टोकाला लागते की फणसासारखे खोडाला, याची नोंद करावी. शेवटी फळ आडवे कापून आत किती कप्पे आहेत, बी एकच टणक आहे की अनेक चपट्या बिया आहेत, हे पाहावे. सुरी आणि पाट लगेच धुवावेत.

भ्रमणध्वनीवर छायाचित्रावरून झाड ओळखणारी साधने आता घरोघरी आहेत. नातवंडांच्या मदतीने ती जरूर वापरावीत, पण मिळालेले नाव हा प्राथमिक अंदाज समजावा. खात्रीसाठी पाने, फूल आणि फळ असलेली हातभर डहाळी वर्तमानपत्राच्या घड्यांत दाबून ठेवावी आणि सोबत ठिकाण व तारीख लिहावी. डहाणू तालुक्यात कोसबाड हिल येथे कृषी विज्ञान केंद्र आहे. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात ब्लॅटर वनस्पतिसंग्रह आहे, तर पुण्यात भारतीय वनस्पति सर्वेक्षणाचे पश्चिम विभागीय केंद्र आहे. जवळच्या महाविद्यालयातील वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापकही मार्गदर्शन करू शकतात.

सालवडच्या झाडाचे नाव

आठवडाभरात भगिनींचे दुसरे पत्र छायाचित्रांसह आले. निरीक्षण मोठे नेटके होते. फांद्यांच्या टोकांना पानांचे झुबके, प्रत्येक पानात पर्णिकांच्या पंधराएक जोड्या. चीक नाही. खोडावर लहान, गडद तांबडी फुले. फळ बोटभर लांबीचे, बोथट पाच कडांचे, रसाळ. आडवे कापल्यावर पाच कप्पे आणि लहान चपट्या बिया. त्यांना प्रथम रायआवळ्याची शंका आली होती. परंतु रायआवळा लहान, चपटा, फिकट पिवळा असतो आणि त्याच्या पोटात एकच टणक आठळी असते.

छायाचित्रे वनस्पतिशास्त्राच्या एका प्राध्यापिकांना दाखवली. त्यांनीही तेच नाव सांगितले. झाड बिलिंबीचे आहे. कोकण-गोव्यात त्याला बिमली, बिंबल अशीही नावे आहेत, तर केरळात ते ‘इरुंबन पुळी’ म्हणून घरोघरी परिचित आहे. आधीच्या घरमालकांचे मूळ गाव केरळात होते, असे भगिनींना नंतर समजले. मूळचे आग्नेय आशियातील हे झाड कारखान्यातील नोकरीसाठी आलेल्या एखाद्या कुटुंबाबरोबर सालवडला पोहोचले असावे. कमरख हे त्याचेच सख्खे भावंड. त्याच्या कडा धारदार असतात आणि चकती चांदणीसारखी दिसते. या प्रजातीला दिलेले ‘अ‍ॅव्हेऱ्होआ’ हे शास्त्रीय नाव बाराव्या शतकातील कोर्दोबाचे वैद्य आणि तत्त्वज्ञ इब्न रश्द यांच्या स्मरणार्थ आहे. वैद्याचे नाव मिरवणारे हे फळ काही रुग्णांना मात्र घातक ठरते.

नाव कळल्यावरचा प्रश्न

बिलिंबी विषारी आहे का? निरोगी माणसाने माशाच्या कालवणात दोन फळे टाकली किंवा लोणच्याची फोड खाल्ली, तर सहसा काही बिघडत नाही. पिढ्यान्‌पिढ्या लोक तसे खात आले आहेत. पण एकवटलेला रस ही वेगळी गोष्ट आहे. या फळात ऑक्झॅलिक आम्ल फार असते. शरीरात त्याचे कॅल्शियमशी संयुग होऊन स्फटिक बनतात आणि ते मूत्रपिंडांच्या सूक्ष्म नलिकांत साचतात. केरळातील पाच रुग्णालयांतील अशा १० रुग्णांची हकीकत २०१३ साली वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली. बिलिंबीचा रस घेतल्यानंतर त्यांची मूत्रपिंडे अचानक निकामी झाली होती. त्यांपैकी ७ जणांना डायलिसिस करावे लागले.

कमरखाच्या बाबतीत आणखी एक धोका आहे. त्यातील कॅरॅम्बॉक्सिन नावाचे द्रव्य ब्राझीलमधील संशोधकांनी २०१३ साली वेगळे काढले. निरोगी मूत्रपिंडे ते बाहेर टाकतात. दुर्बल मूत्रपिंडांना ते जमत नाही आणि त्याचा परिणाम मेंदूवर होतो. न थांबणारी उचकी, उलट्या, गोंधळलेपण आणि पुढे झटके अशी लक्षणे दिसतात. मूत्रपिंडाच्या रुग्णाने कमरख खाल्ल्यावर उचकी लागली, तर ती साधी समजू नये.

म्हणून ‘हे फळ खाण्याजोगे आहे का’ हा प्रश्न अपुरा आहे. ‘आमच्या घरातील या माणसाला चालेल का’ असे विचारायला हवे. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी किंवा डायलिसिसवर असलेल्यांनी कमरख आणि बिलिंबी दोन्ही वर्ज्य करावीत. ज्यांना मुतखडा होऊन गेला आहे त्यांनी, तसेच जुना मधुमेह वा रक्तदाब असलेल्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे. या दोन विकारांत मूत्रपिंडांची हानी बहुधा मुकाट्याने होते. रक्तातील क्रिएटिनिन तपासल्याखेरीज ती ध्यानात येत नाही. औषध म्हणून रस तर कुणीच पिऊ नये.

तीन झाडांपासून जपा

कोकणपट्टीत तीन झाडांची ओळख प्रत्येक घराला हवी. काजऱ्याचे नारिंगी, गोल फळ संत्र्यासारखे दिसते, पण त्याच्या बियांत स्ट्रिक्निन हे जहाल विष असते. पाने समोरासमोर, चकचकीत आणि बुडापासून तीन ते पाच ठळक शिरांची असतात. पिवळ्या कण्हेरीचे सर्व भाग हृदयाची लय बिघडवतात. हृदयासाठी डिगॉक्सिन घेणाऱ्यांना तर तिचा धोका अधिकच. कुंपणाला लावतात त्या मोगली एरंडाच्या बिया चवीला बऱ्या लागतात, म्हणून मुले त्या खातात आणि मग उलट्या-जुलाबांनी हैराण होतात.

अनोळखी फळ कुणी खाल्लेच, तर घरी ओकारी काढण्याचा प्रयत्न करू नये. मीठपाणी पाजू नये. लक्षणांची वाट न पाहता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी किंवा थेट रुग्णालय गाठावे. उरलेले फळ, पाने आणि नेहमीच्या औषधांची यादी सोबत न्यावी. स्मृतिभ्रंश असलेल्या वृद्धांच्या घरी खाली पडलेली फळे रोज वेचून टाकावीत.

सालवडच्या भगिनींनी विचारले, ‘मग झाड तोडून टाकू का?’ तशी काहीच गरज नाही. बिलिंबीच्या आम्लाने पितळेची भांडी लखलखीत होतात आणि कपड्यांवरचे गंजाचे डाग निघतात. परवा त्यांचा निरोप आला. सासूबाईंनी ओसरीवर बसून देवघरातली समई आणि तांब्या त्याच फळांनी घासले. डॉक्टरांच्या पुढच्या भेटीच्या कागदावर त्यांनी सुनेकडून एक ओळ लिहून घेतली आहे: ‘परसातले झाड बिलिंबीचे. मला वर्ज्य.’