घरी बसल्याने कोणाचे फावते ?

आमच्या खेड्यापाड्यांतून हल्ली एकच बोल वारंवार कानी येतो : "गुरुजी, मत देऊन काय उपयोग? ज्याला द्यावे तो दुसऱ्याच्याच दावणीला जाऊन उभा राहतो." हा बोल आळशाचा नव्हे, फसलेल्या माणसाचा आहे, आणि फसलेल्यास उपदेश करण्यापूर्वी त्याचे गाऱ्हाणे खरे आहे हे मान्य करणे प्राप्त आहे. महाराष्ट्राने 2019 साली आमदार निवडले. 2022 च्या जूनमध्ये शिवसेना फुटली, 2023 च्या जुलैत राष्ट्रवादी काँग्रेस फुटली. आपला माणूस कोणाच्या पंगतीस बसला हे मतदारास मागाहून वर्तमानपत्रांतून कळले. मुदतीपूर्वी आमदारास परत बोलाविण्याचा हक्क कायद्याने मतदारास दिलेला नाही. कुंपणच शेत खाऊ लागले तर कुणब्याने दाद कोठे मागावी?

परंतु बांधवहो, कुंपण शेत खाते म्हणून शेतच सोडून देणारा कुणबी आम्ही पाहिलेला नाही.

"म्हणून आम्ही घरी बसतो" हे उत्तर गणितात बसत नाही. पाटी घ्या. समजा, एका ठिकाणी 1000 मतदार आहेत व तिघे उमेदवार उभे आहेत. सगळे मतदार आले तर निवडून येण्यास निदान 334 मते पाहिजेत. 400 जण रागावून घरी बसले तर 201 मतांत काम भागते. म्हणजे तुमच्या रुसण्याने पुढाऱ्याची खुर्ची गेली नाही. ती स्वस्त झाली. आता त्याने 201 माणसे सांभाळली की बस्स. आणि ती 201 कोण? त्याचे भाऊबंद, त्याचे ठेकेदार, व आदल्या रात्री पाकीट घेतलेले. ही मंडळी कधी रुसत नाहीत. रुसतो तो शहाणा, आणि त्याच्या गैरहजेरीत राज्य चालते ते दुसऱ्यांचे.

कोणी म्हणेल, हा आमचा बहिष्कार आहे. बहिष्काराचा वाद जुनाच आहे. 1920 साली काँग्रेसने कौन्सिलांवर बहिष्कार घातला; ब्राह्मणेतर पुढाऱ्यांनी निवडणूक लढविली. कोणाचे बरोबर यावर तेव्हा पुष्कळ शाई खर्च झाली. परंतु तो बहिष्कार ठराव करून, चार लोकांत उभे राहून, कारण सांगून घातलेला होता. मुकाट्याने दार लावून बसणे हा बहिष्कार नव्हे. शाळेच्या हजेरीपटावर त्याला नुसती 'गैरहजर' अशी खूण होते; मूल आजारी होते की रागावले होते हे पट सांगत नाही.

हे मत आपल्या घरी आले कसे, हेही मुलाबाळांस सांगावे. 1919 च्या कायद्यानंतर मुंबई इलाख्यातील खेड्यांत साधारणतः 32 रुपये सारा भरणाऱ्या जमिनीचा धनी मतदार होई. रत्नागिरी व पंचमहालात 16 रुपयांचा. कुंभार, सुतार, चांभार, शेतमजूर यांतील बहुतेकांस मतच नव्हते. त्याच 1919 साली डॉ. आंबेडकरांनी साऊथबरो कमिटीपुढे साक्ष देऊन अस्पृश्यांच्या प्रतिनिधित्वाची मागणी मांडली, आणि पुढे 1928 साली सायमन कमिशनपुढे प्रत्येक प्रौढास मत मागितले. ते सर्वांच्या हाती आले 1950 च्या राज्यघटनेने.

मताने काय होते व काय होत नाही, याचा दाखला महाडचा आहे. असल्या अर्ध्यामुर्ध्या मताधिकारावर बनलेल्या मुंबई कायदेमंडळात 1923 साली बोले यांनी ठराव मांडला की सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांस खुले असावेत. ठराव पास झाला. महाड नगरपालिकेनेही 1924 साली तो मान्य केला. तरी चवदार तळ्याचे पाणी कागदावरच राहिले. ते ओंजळीत आले 20 मार्च 1927 रोजी, हजारो माणसे चालत गेली तेव्हा. ठराव नसता तर चालणाऱ्यांच्या हाती आधार नसता, आणि माणसे चालली नसती तर ठरावास वाळवी लागली असती. मत हा अर्धा कोस आहे. उरलेला आपल्या पायांनी चालावा लागतो.

निवडणूकच नसली म्हणजे काय होते, हेही आपण पाहिले आहे. 2022 पासून कित्येक जिल्हा परिषदांवर वर्षानुवर्षे प्रशासक बसले. शाळेचे छप्पर गळू लागले तर जाब विचारावयास निवडलेला सभासदच उरला नाही. अखेर 2025 च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयास सांगावे लागले की निवडणुका घ्या.

एकही उमेदवार पसंत नसेल तर? 2013 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने 'नोटा'चे बटण मिळाले आहे. त्याने विधानसभेचा निकाल फिरत नाही : 2019 साली लातूर ग्रामीणमध्ये 'नोटा' दुसऱ्या क्रमांकावर आला, तरी पहिला तो पहिलाच राहिला. पण 27 हजारांवर माणसे नाराज होती ही नोंद कायमची राहिली. घरी बसलेल्याची नोंद कोठे आहे?

मात्र बटण दाबून सुटका झाली असेही समजू नये. 2021 च्या जानेवारीत नाशिक जिल्ह्यातील उमराणे व नंदुरबार जिल्ह्यातील खोंडामळी येथील ग्रामपंचायत निवडणुका पदांच्या लिलावामुळे आयोगाने रद्द केल्या. तेथे लिलाव झाला तो पुढाऱ्याचा नव्हे. गावातील म्हातारी, विधवा, सालगडी, सगळ्यांच्या मताचा, त्यांना न विचारता!

सबब आमचे सांगणे थोडके आहे. मतदारयादीत आपले नाव आहे की नाही हे आजच पाहा. घरातील बाईचे मत घरधन्याच्या खिशात नसते. तिला तिचे ठरवू द्या. मतदानादिवशी मजुरी कापणाऱ्या मालकास कायद्याची आठवण द्या. भरपगारी सुट्टीचा हक्क रोजंदारीच्या मजुरासही आहे. मत मागावयास येणाऱ्यास पारावर चार लोकांत उभा करून विचारा, मागल्या खेपेस काय कबूल केले होते? देव कोणी उभा राहणार नाही. दगडापेक्षा वीट मऊ, हे पाहूनच निवड करावी. आणि निवडून आला की ग्रामसभेत तोच प्रश्न पुन्हा विचारावा, कारण यादीतील प्रत्येक मतदार त्या सभेचा सभासद आहे.

बैल मारका निघाला तर त्याचा कासरा घट्ट धरतात, सोडून देत नाहीत.

— एक खेड्यातील शिक्षक