वाटीभर दूध आणि घरची दिवाळी

आज वसुबारस. दिवाळीचा पहिला दिवा आज गोठ्याच्या दाराशी लागतो. सवत्स धेनूची पूजा होते, तिला घास दिला जातो, आणि व्रत करणारी गृहिणी आज दूध, दही, तूप यांना शिवत नाही. आजचे दूध वासराचे, ही त्यामागची भावना. वर्षातल्या सर्वांत मोठ्या सणाची सुरुवातच अशी लेकराचा हक्क मान्य करून होते. तेव्हा सणात लेकरांना काय द्यावे, किती द्यावे आणि ते कोठून आणून द्यावे, याचा विचार आजच्या दिवशी मांडला तर वाचकांना तो अप्रस्तुत वाटणार नाही, अशी आशा आहे.

हा विचार आम्हांस करावयास लावला तो भिवंडीतील कामतघरच्या एका गृहस्थाने. नवरात्रात कीर्तनसेवेसाठी आम्ही तेथे चार दिवस होतो. कामतघर म्हणजे वऱ्हाळादेवीचे ठाणे. देवीच्या नावाचा विस्तीर्ण तलाव, काठाशी देऊळ, आणि तलाव ओलांडून गल्लीत शिरावे तो यंत्रमागांचा खडखडाट. एका गल्लीत मराठी कानी पडते, दुसरीत पद्मशाली विणकरांची तेलुगू, तिसरीत उत्तरेकडून आलेल्या मजुरांची हिंदी. मागांचा आवाज पूर्वीइतका राहिला नाही, असे जुनी मंडळी सांगतात. आता गावाबाहेर काल्हेर, पूर्णा, राहनाळ, वळ, दापोडे, माणकोली अशी गोदामांची रांगच्या रांग उभी राहिली आहे. घरबसल्या मागविलेली वस्तू ज्या खोक्यातून आपल्या दाराशी येते, त्यांतील कितीतरी खोकी याच गोदामांतून निघतात. नवरात्र ते दिवाळी हा तेथे सर्वांत धावपळीचा काळ असतो.

तिसऱ्या दिवशी आरती झाली, प्रसाद वाटला गेला, मंडळी पांगली. एक चाळिशीचा गृहस्थ मात्र खांबाशी उभा राहिला. बोलावे की न बोलावे, अशा संकोचात दिसला. आम्हीच विचारले तेव्हा म्हणाला, "बुवा, एक शंका आहे. पोराला नाही म्हणणे हे पाप आहे का?"

शंका विचारणारा माग चालवीत होता. पत्नी गोदामात खोकी भरण्याच्या कामास जाते. मुलगा सातवीत, मुलगी चौथीत. मागच्या दिवाळीत मुलाने गियरची सायकल मागितली, कारण वर्गातल्या दोघांकडे ती आली होती. याने मालकाकडून दहा हजारांची उचल घेतली. सायकल आली, मुलीला बाहुली आली, सर्वांना नवे कपडे झाले, फटाक्यांची पेटीही आली. मग पंधरवड्यापंधरवड्याच्या हिशेबातून ती उचल फिटत राहिली ती थेट शिमग्यापर्यंत. पौषात मुलीला ताप आला तेव्हा औषधासाठी पुन्हा दुसरीकडे हात पसरावा लागला. आता यंदाची दिवाळी आली आणि मुलगा मोबाईल मागतो आहे. "माझी बायको दिवसभर दुसऱ्यांच्या पोरांची खेळणी खोक्यात भरते, बुवा. घरी येऊन स्वतःच्या पोराला नाही कसे म्हणायचे?"

त्या रात्री आम्ही त्याची पाठ थोपटली, चार शब्द सांगितले, परंतु ते उत्तर नव्हते, हे त्यालाही कळले आणि आम्हांसही. उत्तर शोधताना आम्हांस महाभारतातील एक लहानसे आख्यान आठवले. कीर्तनात ते आम्ही अनेकदा लावले आहे. पण त्या गृहस्थाच्या मुखाकडे पाहिल्यावर त्याचा अर्थ निराळाच लागला.

आदिपर्वात द्रोणाचार्य आपली कर्मकथा भीष्मांना सांगतात. धनिकांची मुले दूध पीत होती, ते पाहून बाळ अश्वत्थामा रडू लागला. द्रोण गाईसाठी देशोदेशी हिंडले. गाय मिळाली नाही. परतले तो काय पाहतात? मुलांनी पाण्यात पीठ कालवून अश्वत्थाम्याला पाजले होते आणि तो 'मी दूध प्यालो' म्हणून आनंदाने नाचत होता. भोवतालची मुले हसत होती आणि दरिद्री द्रोणाचा धिक्कार करीत होती. ते हसणे द्रोणांच्या काळजात रुतले. ते उठले आणि बालमित्र द्रुपदाच्या दरबारी गेले. तेथे अपमान झाला. त्या अपमानाच्या पोटी शिष्यांकरवी द्रुपदाचा पराभव, अर्धे राज्य, द्रुपदाचा यज्ञ आणि त्या यज्ञातून धृष्टद्युम्नाचा जन्म. शेवटी रणांगणावर अश्वत्थामा मारला गेला, अशी हाक कानी पडताच द्रोणांनी शस्त्र खाली ठेवले आणि त्याच धृष्टद्युम्नाने त्यांचा शिरच्छेद केला.

वाटीभर दुधापायी भारतीय युद्ध झाले, असे आम्ही म्हणणार नाही. परंतु एक गोष्ट वाचकांनी लक्षात घ्यावी. त्या घटकेला बाळ अश्वत्थामा दुःखी नव्हता. तो नाचत होता. दुःख झाले ते पित्याला, आणि ते दूध नसल्याचे थोडे, लोक हसल्याचे फार. द्रोणांची पुढची सारी धाव लेकराच्या भुकेसाठी नव्हती. ती स्वतःच्या लज्जेसाठी होती. कामतघरच्या त्या गृहस्थाची उचल आणि उंच इमारतीत राहणाऱ्या सुखवस्तू पित्याचे हप्ते यांत रकमेचा भेद असेल, मूळ मात्र एकच. शेजारच्या घरी आले म्हणून आमच्या घरी आले पाहिजे. मुलाची मागणी हे निमित्त. उत्तर आपण शेजाऱ्याला देत असतो.

हे आम्ही उंचावरून सांगत नाही. हा दोष आमच्या हातूनही घडला आहे. १९९६ सालची गोष्ट. आमचा मुलगा नऊ वर्षांचा होता. समोरच्या घरी दूरदर्शनसंचाला जोडावयाचा खेळ आला आणि आळीतली सारी मुले तेथे जमू लागली. आपला मुलगा दुसऱ्याच्या उंबऱ्यात आशाळभूत उभा राहतो, हे आम्हांस सोसवले नाही. चातुर्मासातील कीर्तनांची बिदागी हाती होती. ती वाण्याची थकलेली बाकी देण्यासाठी ठेवलेली होती. आम्ही ती मोडली आणि खेळ आणला. मुलाने तुळशीच्या लग्नापर्यंत तो खेळला, पुढे तो माळ्यावर गेला. अनेक वर्षांनी, स्वतः बाप झाल्यावर, मुलगा सहज म्हणाला, "अप्पा, त्या महिन्यात आई दोनदा वाण्याकडून रिकामी पिशवी घेऊन परत आली, हे मला ठाऊक होते. पण आणलेला खेळ परत कसा करायचा, हे मला ठाऊक नव्हते."

आम्ही शास्त्रार्थ पुष्कळ केले. परंतु या एका वाक्याने जेवढे शिकविले तेवढे थोड्याच ग्रंथांनी शिकविले असेल. आपण मुलांपासून घरची परिस्थिती लपवितो. मुलांना ती कळलेली असते. कळूनही बोलता येत नाही, हे ओझे मात्र आपण त्यांच्या डोक्यावर ठेवतो. गीतेने दानाचे तीन प्रकार सांगितले; त्यांत मनाला क्लेश करून दिलेल्या दानाला राजस म्हटले आहे. असे क्लेशपूर्वक आणलेले खेळणे मुलाच्या हाती येते तेव्हा तो क्लेशही त्याच्या हाती येतो.

मग नाही म्हणावे काय? याचेही उत्तर महाभारतातच आहे. अनुशासनपर्वातील उपमन्यूची कथा पाहावी. हाही वनवासी मुनीचा पोरगा. एका यज्ञप्रसंगी पित्याबरोबर गेला असता त्याने खऱ्या दुधाची चव घेतली होती. पुढे आश्रमात गाईचे दोहन पाहून त्याने आईजवळ दूधभात मागितला. आईने काय केले? तिनेही पाण्यात पीठच कालवले! मातेचे मन, तिलाही प्रथम सत्य सांगवले नाही. पण ज्याने दूध चाखले त्याला पीठ कसे फसविणार? 'आई, हे दूध नव्हे,' असे तो म्हणाला. तेव्हा त्या माउलीने त्याला जवळ घेतले आणि खरे सांगितले, की बाळा, कंदमुळांवर राहणाऱ्या वनवासी माणसांच्या घरी दूध कोठले? जे मागायचे ते शंकराजवळ माग. उपमन्यू तपाला बसला, आणि देवाने त्याला क्षीरसागर दिला.

तेच पीठ, तेच पाणी, तोच बाळहट्ट. एका घरी बापाची लज्जा रणापर्यंत गेली. दुसऱ्या घरी आईच्या सत्याने मुलगा थोर झाला. क्षीरसागर प्रत्येकाला मिळेल, असे वचन आम्ही देत नाही. परंतु जवळ घेऊन खरे सांगणे हे कोणत्याही आईबापाला परवडणारे आहे. नाही म्हणणे पाप नव्हे. दूध म्हणून पीठ पाजणे आणि कर्जाला हौस म्हणणे, यांत दोष आहे.

दिवाळीनंतर दोन महिन्यांत नाताळ येईल. आता शाळाशाळांतून तोही मुलांच्या ओळखीचा झाला आहे आणि भेटीची पोतडी घेऊन येणारा सांताक्लॉज बाजारपेठांच्या दारोदारी उभा असतो. त्याच्या मागे ज्यांची कथा आहे ते संत निकोलस चौथ्या शतकात मायरा नगरीचे बिशप होते. ती नगरी आजच्या तुर्कस्तानात येते. कथा अशी, की एका निर्धन पित्यास तीन मुली होत्या आणि त्यांच्या लग्नासाठी द्रव्य नव्हते. निकोलस यांनी रात्रीच्या अंधारात त्याच्या घरात सोन्याच्या थैल्या टाकल्या. देणाऱ्याचे नाव कळू नये आणि घेणाऱ्याची मान खाली जाऊ नये म्हणून. म्हणजे या कथेतही एका बापाची लाजच आहे, आणि ती झाकणारे दान आहे. तोच संत आज दुकानाच्या दारात उभा राहून बापाला लाजवितो, ही काळाची गंमत म्हणावी की शोकांतिका? गोव्यात मात्र अजून नाताळात गोडाधोडाचे ताट शेजारच्या हिंदू घरी जाते आणि दिवाळीत फराळ उलट दिशेने येतो. सणाचे देणे कसे असावे, हे त्या ताटाकडे पाहून समजते.

आमच्याकडील बोरन्हाणातही हेच शहाणपण आहे. संक्रांतीच्या सुमारास लहानग्याला हलव्याचे दागिने घालून त्याच्या डोक्यावरून बोरे, उसाचे करवे, हलवा ओततात. आणि लुटतात कोण? भोवताली जमलेली सारी मुले! कौतुक एकाचे, लाभ सर्वांचा. दिवाळीतला मातीचा किल्लाही तसाच. माती फुकटची, मावळे दोन-चार, आणि हात मात्र आळीतल्या सर्वांचे. आता साच्यातले तयार किल्लेही विकत मिळतात. ते घेऊ नयेत असे नाही; पण ज्याच्या बांधणीत मुलाच्या नखात माती गेली नाही, तो किल्ला त्याचा कसा म्हणावा?

आता थोडे कर्तव्याविषयी. सारा उपदेश निर्धनालाच करावा, हे आम्हांस मान्य नाही. अश्वत्थाम्याला हसणारी मुले धनिकांची होती आणि त्यांना हसू नये असे कोणी शिकविले नव्हते. ज्यांच्या घरी ईश्वरकृपेने पुष्कळ आहे, त्यांनी आपल्या मुलास द्यावे. परंतु ते चारचौघांत मिरविण्यास धाडू नये, आणि वाटून खेळण्याची सवय लावावी. आळीत दहा मुलांनी फिरविलेली एक सायकल दहा बापांची लाज राखते.

मालकवर्गालाही दोन शब्द सांगावेसे वाटतात. १९६५ साली देशात बोनसचा कायदा झाला. किमान बोनस पुढे ८.३३ टक्के, म्हणजे वर्षाकाठी साधारण एका महिन्याचा पगार, असा ठरला. त्या कायद्याची कक्षा सामान्यतः वीस वा अधिक माणसांच्या आस्थापनांपुरती होती, आणि भिवंडीतील मागांचे कारखाने बहुधा लहान. पण जे कायद्याच्या कक्षेत नाही ते धर्माच्या कक्षेत आहे. सणापूर्वी कामगाराच्या हाती उचल ठेवणे सोपे, कारण ती परत येते. त्याच्या हक्काचे चार पैसे वेळेवर ठेवणे, ही खरी लक्ष्मीपूजा.

आणि आईबापांनी काय करावे? धनत्रयोदशीला आपण द्रव्याची पूजा करतो. त्याच दिवशी मुलांना पाटावर शेजारी बसवून घरचा हिशेब त्यांच्यासमोर मांडावा. एवढे आले, एवढे किराण्याचे, एवढे भाड्याचे, एवढे आजीच्या औषधाचे, उरलेल्यातून दिवाळी. मग त्यांनाच विचारावे, तुम्हां दोघांसाठी यातून काय घ्यावे? मुले निवडतात आणि बहुधा शहाणपणाने निवडतात, असा आमचा अनुभव आहे. एक वस्तू घ्यावी, रोखीने घ्यावी, आणि मुलाच्या हातून कोणाला तरी काहीतरी देववावे, मग ती फराळाची एक पुडी का असेना.

कामतघरच्या त्या गृहस्थापर्यंत हा मजकूर पोहोचेल की नाही, कोण जाणे. पोहोचलाच तर त्याला एवढेच सांगणे आहे: बाबा रे, तुझ्या शंकेचे उत्तर त्या रात्री आम्हांस देता आले नाही, ते आज देतो. पोराला नाही म्हणणे हे पाप नव्हे. घरी जा, मुलाला जवळ घे आणि खरे सांग. तो रुसेल, कदाचित रडेल. पण शिमग्यापर्यंत तुझी मान वर राहील, आणि ती वर असलेली त्याला दिसेल. तुमची दिवाळी सुखाची होवो.