पुण्य त्यांचे, वास्तू कोणाची?

ग्वाल्हेरचा किल्ला पाहावयास जाणाऱ्यास पायथ्याचा गुजरी महाल हटकून दाखविला जातो. इ. स. 1500 च्या सुमारास राजा मानसिंह तोमर याने आपल्या मृगनयनी राणीसाठी तो बांधला. विवाहास होकार देण्यापूर्वी आपल्या गावच्या राई नदीचे पाणी महालापर्यंत आणण्याची अट तिने घातली होती, अशी आख्यायिका आहे. प्रवासी तिच्या रूपाचे कौतुक करतात आणि पुढे निघतात. भिंत उभी राहण्यापूर्वी पाण्याची चौकशी करणारी ही स्त्री वास्तुरचनेतील अगदी पहिला प्रश्न विचारीत होती, हे त्यांच्या ध्यानी येत नाही!

तरीही तिचे नाव लोकांस ठाऊक आहे, कारण तिच्यासाठी कोणी तरी महाल बांधला. जिने स्वतः बांधले, त्या बायजाबाई शिंदे यांचे काय? बायजाबाई ही कागलच्या सखाराम घाटग्यांची मुलगी. निपाणीकरांच्या दृष्टीने अगदी शेजारघरची. दौलतराव शिंद्यांची छावणी 1810 साली ग्वाल्हेरास स्थिरावली आणि त्या छावणीचेच ‘लष्कर’ नावाचे शहर झाले. दौलतरावांच्या पश्चात, 1827 पासून 1833 पर्यंत, या बाईंनी राज्य चालविले. त्याच काळात काशीस ज्ञानवापीच्या विहिरीभोवतीचा स्तंभमंडप आणि गंगेवरचा घाट त्यांनी बांधविला. उज्जैनचे गोपाळमंदिर त्यांचे. पंढरपुरातील द्वारकाधीशाचे मंदिरही त्यांचेच. काशीचा तो घाट मात्र घराण्याच्या नावाने ‘शिंदे घाट’ म्हणून ओळखला जातो. ग्वाल्हेरच्या जयविलास प्रासादाचा उल्लेख आला की जयाजीरावांबरोबर मायकेल फिलोज या रचनाकाराचेही नाव निघते. ते योग्यच आहे. मग तोच न्याय बायजाबाईंना का नसावा?

आमच्या मते याचे कारण आपल्या भाषेतच दडलेले आहे. पुरुषाने बांधले म्हणजे ते स्थापत्य आणि स्त्रीने बांधले म्हणजे तो दानधर्म, अशी वाटणी आपण करून ठेवली आहे. अहिल्याबाई होळकरांनी 1780 साली काशी विश्वेश्वराचे मंदिर पुन्हा उभारले, महेश्वरास नर्मदेकाठी घाट बांधले. आपण त्यांना पुण्यश्लोक म्हणतो, हात जोडतो आणि तेथेच थांबतो. पावसाळ्यात फुगणाऱ्या नदीच्या काठी पायऱ्या कोठे बसवाव्यात, दगड कोठून आणावा, शेकडो कोसांवरील कारागिरांचा हिशेब कसा ठेवावा, हे निर्णय केवळ पुण्याईने होत नाहीत. त्यांस बुद्धी लागते.

आणि मान द्यावयाचा तर चुकाही पाहाव्या लागतात. काशीचा बायजाबाईंचा घाट आपल्याच भाराने खचला. पुढे विसाव्या शतकात तो पुन्हा बांधावा लागला. हे सांगण्यात बाईंचा अवमान आहे, असे आम्ही मानीत नाही. बांधणाऱ्याचा पाया कोठे फसला, याची चर्चा होते. देवीची फक्त आरती होते. रेखाटन राणीने स्वतः केले नव्हते, असा आक्षेप कोणी घेईल. मान्य. पण मग मानसिंहाने तरी कोठे केले होते? (कारागिरांची नावे, आणि पाट्या वाहणाऱ्या बायांची तर मुळीच, कोणत्याच दरबाराने नोंदविण्याची तसदी घेतली नाही, ही गोष्ट निराळी.)

हे राजेरजवाड्यांबरोबर संपले, असे समजू नये. 1936 साली पेरीन मिस्त्री यांनी मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेतून वास्तुकलेची पदविका घेतली; या विषयात रीतसर शिक्षण घेतलेली ती पहिली भारतीय स्त्री मानली जाते. चंदीगड उभारताना युली चौधरी यांनी वर्षानुवर्षे काम केले, पण ते शहर म्हटले की ल कार्बूझिए हेच एक नाव पुढे येते. पाश्चात्त्यांचेही तेच. 1991 साली प्रिट्झकर पारितोषिक रॉबर्ट व्हेंचुरी यांना एकट्यालाच मिळाले. त्यांच्या बरोबरीने काम करणाऱ्या पत्नी डेनिस स्कॉट ब्राउन वगळल्या गेल्या. 2013 साली ती चूक दुरुस्त करण्याची मागणी झाली, तेव्हाही परीक्षकांनी नकार दिला.

त्या परीक्षकांना आम्ही काय सांगणार? ग्वाल्हेरच्या, काशीच्या आणि पंढरीच्या फलकांवर बांधविणारीचे नाव, साल आणि तिने केलेले काम स्वच्छ अक्षरांत असावे, एवढे मागणे मात्र आपल्या हाती आहे. पुढील कार्तिकीस पंढरपुरी जाणाऱ्या आमच्या वाचकांनी द्वारकाधीशाच्या मंदिरापाशी घटकाभर थांबावे आणि बरोबरच्या मुलींना सांगावे, हे ज्या बाईने बांधविले, ती कागलची होती.